कचेरीच्या गावाची कुळकथा

बीड जिल्ह्यातल्या गाड्यांवर दोन क्रमांक दिसतात. बीडकडची गाडी 'एमएच २३', अंबाजोगाईची 'एमएच ४४'. आरटीओची कचेरी स्वतंत्र, अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे, सत्र न्यायालय आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या गावाला लागणारं बहुतेक सगळं अंबाजोगाईत आहे आणि तरीही कागदोपत्री ते तालुक्याचंच गाव आहे. जिल्ह्याची मागणी इथे दोन पिढ्या चालली आहे. ती समजून घ्यायची तर या गावाचा कारभाराशी जडलेला आठशे वर्षांचा संबंध पाहायला हवा.

पहिलं कारण जमिनीचं. उत्तरेला गोदावरीची काळी गंगथडी, दक्षिणेला मांजरेचं खोरं आणि मध्ये बालाघाटाचा माथा. अंबाजोगाई या माथ्यावर, जयवंती नदीच्या काठी वसली. परळीहून येताना चढण लागते आणि वर आलं की हवा बदलते. दोन्ही खोऱ्यांवर नजर ठेवता येईल, पाणी मिळेल आणि शत्रूला चढून यावं लागेल, अशी जागा कोणत्याही राज्यकर्त्याला ठाण्यासाठी सोयीची. शिवाय योगेश्वरीचं देऊळ. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळे घाट ओलांडून माणसं इथवर येत राहिली. परळीच्या वैजनाथाशी देवीचं लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागीच दगडाचं झालं आणि देवी कुमारिका राहिली, अशी कथा गावात सांगतात. ते वऱ्हाड म्हणून हत्तीखान्याच्या लेण्यांकडे बोट दाखवतात. एकाच खडकातून कोरलेला मंडप आणि अंगणातले दगडी हत्ती पाहिले, की ही कथा कुठून सुचली असेल ते कळतं.

कारभाराचा ठसठशीत पुरावा यादवकाळापासून मिळतो. दुसऱ्या सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचं अंबाजोगाईशी घट्ट नातं होतं. इथल्या १२२८ आणि १२४० सालच्या शिलालेखांत त्याच्या घराण्याची हकिकत आहे. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. मागे त्याचं लहान मूल राहिलं. तेव्हा खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी पुढे झाली, भाच्याच्या वतीने तिने कारभार पाहिला आणि भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं. तेराव्या शतकात एका बाईने मुलूख सांभाळल्याची ही नोंद दगडावर आहे. तिची आठवण आज गावात फारशी निघत नाही, ती निघायला हवी.

पुढे सत्ता बहमनी, बरीदशाही, निजामशाही अशी फिरत राहिली. त्या काळाचं अंबाजोगाईतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दासोपंत (१५५१ ते १६१५). सोळा हात नि वीस हात अशा लांबीच्या गोष्टी आपण पोथ्यांबद्दल ऐकत नाही, पण दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिलं ते कापडावर, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर. अक्षरांच्या ओळी, चौकटी, आकृत्या, सगळं त्या एका वस्त्रावर. हे दासोपंत देशपांड्यांच्या घरातले. दुष्काळात वडिलांना सारा भरता आला नाही, म्हणून बीदरच्या बादशहाने मुलालाच ओलीस ठेवलं, असं त्यांचं चरित्र सांगतं. ही कथा परंपरेची आहे, पण त्या काळातली वसुली रयतेला आणि वतनदारालाही कशी वाटत होती, ते तिच्यातून नेमकं समजतं. कारभार म्हणजे वसुली आणि वसुली म्हणजे धाक.

हैदराबादच्या निजामाच्या आसफजाही राजवटीत गावाचं नाव मोमिनाबाद झालं आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी पडली. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून. हा खर्च थकत गेला, कर्ज वाढलं आणि १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. त्याच वर्षी पहिले सालारजंग दिवाण झाले. त्यांच्यापुढे रिकामा खजिना होता आणि वसुलीचे मक्ते सावकारांकडे, जमादारांकडे गहाण पडलेले होते. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून जमेल तितकं काढायचं, असा तो व्यवहार.

सालारजंगांनी तो मोडायला घेतला. १८६५मध्ये जिलाबंदी झाली. मुलखाचे जिल्हे पाडले, जिल्ह्यांचे तालुके पाडले आणि मक्तेदाराच्या जागी पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. आज आपण ज्याला सहजपणे 'तालुक्याचं गाव' म्हणतो, त्याचा मराठवाड्यातला जन्म हा असा आहे. वसुलीचा हक्क माणसाकडून कचेरीकडे आला आणि हिशेब कागदावर चढला.

तो कागद किती टिकाऊ निघाला ते पाहण्यासारखं आहे. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आधी विचारतो, 'खासरा आहे का?' १९५४-५५च्या सुमाराचं खासरा पत्रक हा इथल्या महसुली दाव्यांतला कळीचा दस्त. त्याच्याही मागे गेलं की लिपी बदलते, उर्दू आणि मोडी सुरू होते आणि वाचणारा शोधावा लागतो. २०२३मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा मराठवाडाभरच्या तहसिलींमधली जुनी गाठोडी सुटली. फडक्यात बांधलेले, कडा कुरतडलेले, शाई तपकिरी पडलेले कागद टेबलांवर पसरले गेले आणि माणसं त्यांत पणजोबांचं नाव शोधू लागली. सारा वसूल करायला केलेली नोंद नातवंडांच्या हक्काचा पुरावा ठरली. ज्याने ती लिहिली त्या कारकुनाच्या हे ध्यानीमनीही नसेल.

कारभाराच्या गावाला माणुसकीचं वळण लावलं ते मात्र सरकारने नव्हे. १९३५मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून इथे आले, बाबासाहेब परांजपे बरोबर होते. त्या काळी संस्थानात राज्यभाषा उर्दू, विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. अशा वेळी त्यांच्या योगेश्वरी विद्यालयात मराठी मुलं शिकली आणि शिकता शिकता स्वातंत्र्याचा विचार घेऊन बाहेर पडली. १९३८मध्ये स्टेट काँग्रेसचा लढा उभा राहिला तेव्हा तिच्या मागे अशा शाळा होत्या. छावणीच्या गावाने मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते दिले आणि १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं. मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई झालं. अंबाजोगाईला 'मराठवाड्याचं पुणं' म्हणतात ते या शाळांमुळे. १९८३चं अखिल भारतीय साहित्य संमेलन व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलं.

१९७०च्या दशकात स्वामीजींच्याच नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज केज, धारूर, परळी, वडवणीकडचा रुग्ण 'अंबाजोगाईला न्या' हे शब्द ऐकूनच गाडीत बसतो. बाळंतीण असो की सर्पदंश झालेला ऊसतोड कामगार, त्याच्या घरच्यांना जिल्ह्याच्या सीमा कुठे आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. जवळ काय आहे, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

आता जिल्ह्याची गोष्ट. जालना १९८१मध्ये वेगळा झाला, लातूर १९८२मध्ये, हिंगोली १९९९मध्ये. बीड अखंड राहिला, ११ तालुक्यांचा. अंबाजोगाई ते बीड अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. घाटनांदूर किंवा बर्दापूरच्या शेतकऱ्याला ते त्याहून जास्त पडतं, लातूर त्याला कितीतरी जवळ. जिल्हाधिकाऱ्याच्या सहीचं काम निघालं की त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते आणि साहेब दौऱ्यावर असले तर पुन्हा हेलपाटा. १७९०मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्सने जुने प्रांत मोडून ८३ विभाग आखले, तेव्हा नागरिकाला एका दिवसात मुख्य गावी पोचता यावं हा विचार त्या आखणीमागे होता. तिथली कितीतरी लहान गावं आजही त्या आखणीमुळे कचेरीची गावं म्हणून जगतात. मुख्यालय कुठे असावं हे नागरिकाच्या पायांनी ठरवण्याची ती कल्पना आपल्याकडेही लागू व्हायला हवी.

अंबाजोगाईत ठाणं आलं ते राजाच्या सोयीसाठी, छावणी आली ती फौजेच्या सोयीसाठी, तहसील आली ती खजिन्याच्या सोयीसाठी. शाळा आणि दवाखाना आले ते लोकांसाठी. गावाचा मान खऱ्या अर्थाने वाढला तो या दोन गोष्टींनी. म्हणून उद्या जिल्हा झालाच, तर त्याचं यश नव्या इमारतींवर आणि पाट्यांवर मोजू नये. घाटनांदूरहून सकाळी निघालेली बाई आपलं काम उरकून दिवस मावळायच्या आत घरी पोचते का, एवढंच पाहावं.