चिथावणी कुणाची? सोंगाड्या, शनिवारवाडा आणि कोरेगाव

मित्रांनो, ‘चिथावणी’ हा शब्द एकदा नीट तपासून घेतला पाहिजे. तो आपल्या कपाळावर फार वेळा मारला गेला आहे.

१ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात, सणसवाडीत, पुणे-नगर रस्त्यावर आपल्या माणसांवर दगड पडले. गाड्या जळाल्या. एका तरुणाचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी पिंपरी पोलीस ठाण्यात दोन हिंदुत्ववादी पुढाऱ्यांविरुद्ध फिर्याद नोंदवली गेली. मग ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग पोलीस ठाण्यात आणखी एक फिर्याद आली. ही दगडांबद्दल नव्हतीच. आदल्या ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यासमोर एल्गार परिषद भरली होती. तिथं म्हटलेली गाणी, केलेली भाषणं आणि नाटुकली, त्यांच्याबद्दल ती होती. त्यातल्या काही ओळी तर ब्रेख्त ह्या जर्मन नाटककाराच्या नाटकावरून आलेल्या. म्हणजे गाणं झालं शनिवारवाड्यावर, दगड पडला तीसेक किलोमीटरवर, आणि दोघांमध्ये दोर बांधला गेला तो असा: गाणं ही चिथावणी, दगड ही प्रतिक्रिया.

हा दोर २०१८ साली नव्याने वळलेला नाही. तो जुना आहे. कुणी कुणाला हसायचं, ह्याचा एक कायदा आपल्या समाजात कधीच लिहिला गेला नाही, पण पाळला मात्र कडक गेला. वरचा खालच्याला हसला तर तो विनोद. खालचा वरच्याला हसला तर ती चिथावणी. मला ह्या कायद्याचा इतिहास सांगायचा आहे. आणि त्याला आपल्या बापजाद्यांनी काय उत्तर दिलं तेही.

१

मी शिरूर तालुक्यातला. आमच्याकडं जत्रेत तमाशा आला की पोरं नाचीपेक्षा सोंगाड्याची वाट बघायची. सोंगाड्या राजाला येडा ठरवतो, प्रधानाची फजिती करतो, पाटलाला पाटलाच्या तोंडावर चिमटा काढतो. पाटील पुढं बसून खो-खो हसतो. का हसतो? कारण त्याला ठाऊक असतं की सकाळी हाच सोंगाड्या वाड्याच्या दारात भाकरीला उभा राहणार आहे. तमाशातली माणसं बहुतेक महार-मांगांची. रात्रीपुरती जीभ मोकळी आणि सकाळी मान पुन्हा खाली. असं हसणं सत्तेला चालतं. त्यानं तिची पाठ खाजवल्यासारखी होते.

दुसरा बाजीराव लावणीचा शौकीन होता. होनाजी, राम जोशी, अनंत फंदी, सगनभाऊ, प्रभाकर हे त्याच जमान्यातले शाहीर. त्याच पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात १९३६ साली नोंदवून ठेवलं आहे. एका हाताने शाहिराला शेला द्यायचा आणि दुसऱ्या हाताने माणसाच्या गळ्यात थुंकीचं मडकं अडकवायचं. पेशवाईचं सांस्कृतिक धोरण ते हेच. म्हणून एल्गार परिषदेचं उद्घाटन राधिका वेमुलांनी मडक्यांची उतरंड फोडून केलं, तेव्हा शनिवारवाड्याला त्या मडक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२

सोंगाड्याची जीभ भाकरीपासून पहिल्यांदा सोडवली ती जोतीरावांनी. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. एक जोशी गरोदर कुणब्याच्या बाईला ग्रहांची भीती घालून लुटतो, ही कथा. पण नाटकात एक विदूषक आहे. तो अधूनमधून येतो आणि जोशाच्या प्रत्येक डावाची चिरफाड करून प्रेक्षकांपुढं टाकतो. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असायचा, राजाचा मित्र असायचा, लाडू खायचा. जोतीरावांचा विदूषक लुटल्या जाणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं, कमिटीनं ते नाकारलं. आधुनिक मराठीतला हा पहिला राजकीय विदूषक समजा. त्याला पहिल्याच पावलाला दार बंद झालं, आणि तेही पुण्यात.

पुढं सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचाच साचा, पण गणपतीच्या जागी सत्याचं नमन. गवळणीतला चावटपणा गेला. वगात भटजी, सावकार, कुलकर्णी आले आणि सोंगाड्या त्यांच्या पोथीला आणि चोपडीला प्रश्न विचारू लागला. ज्या शेतकऱ्याला कर्जरोखा वाचता येत नव्हता, त्याला तो हसत-हसत कळू लागला.

१९२०च्या दशकात पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने ऐन गणेशोत्सवात अशीच गाणी म्हटली आणि शहर पेटायची वेळ आली. दिनकरराव जवळकरांनी १९२५ साली ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिलं. टिळक आणि चिपळूणकरांवर त्यात असा आसूड ओढला होता की वाचणाऱ्याचे कान तापावेत. भाषा शिवराळच होती, ते लपवायचं कारण नाही. खटला झाला. जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाल्या. १९२६ साली अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आणि आरोपी सुटले.

पोरांनो, इथं जरा थांबा. बाबासाहेबांनी स्वतः कधी ती भाषा वापरली नाही. ‘मूकनायक’ काढा, ‘बहिष्कृत भारत’ काढा. उपरोध आहे, तोही कातडी सोलणारा, पण खाली पुरावा आहे, तर्क आहे. तरीसुद्धा जवळकरांचा खटला त्यांनी लढवला. दुसऱ्याची भाषा आपल्याला रुचत नाही म्हणून त्याचा बोलण्याचा हक्क वाऱ्यावर सोडायचा नाही, हे त्यांनी काळा कोट घालून दाखवलं. नीतीची ही पहिली पायरी.

३

१९२७ साल उजाडलं आणि १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले. स्तंभ उभा आहे पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. नदीपलीकडं कोरेगाव, शिरूर तालुक्यात. त्यांच्या आधी शिवराम जानबा कांबळ्यांनी तिथं माणसं जमवली होती, महारांना पुन्हा लष्करात घ्या म्हणून सरकारचे दरवाजे ठोठावले होते.

स्तंभाबद्दल सरळ बोलू. १८१८ची ती लढाई कंपनीची होती. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठेकशे माणसं, समोर पेशव्याचं अफाट सैन्य. १८२१ साली स्तंभाचा पाया घातला तो कंपनीने स्वतःची शेखी मिरवायला. त्यावर कोरलेल्या कंपनीच्या ४९ मृतांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ही माणसं महार. त्यांनी जातिअंताची शपथ घेऊन बंदूक उचलली होती असं कुणी म्हणू नये. पोटासाठी, इमानासाठी, हिमतीने लढली. परक्याच्या बढाईचा दगड आपण घेतला आणि त्याला आपल्या माणूसपणाचा अर्थ दिला. जलशाने तमाशाचं जे केलं तेच बाबासाहेबांनी स्तंभाचं केलं. प्रस्थापिताला सलतं ते हेच. दगड शंभर वर्षं तिथंच होता, तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. आपण तो वाचला आणि दुखावल्या.

त्याच वर्षी २० मार्चला महाडला आपण तळ्याचं पाणी प्यालो. लगेच अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या निघाल्या, परतणाऱ्या आणि जेवणाऱ्या माणसांची डोकी फुटली. पाणी पिणं ही चिथावणी, डोकं फोडणं ही प्रतिक्रिया! २०१८चा दोर ह्याच सुताचा. त्या दिवशी बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता तर महाड पेटलं असतं. आपल्यातले कितीतरी जण पलटणीत राहून आलेले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. मग २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, रात्री, सगळ्यांसमोर, ठराव करून, आणि तो ठराव मांडला ब्राह्मण कुळातल्या सहस्रबुद्ध्यांनी. ही चिथावणी होती का? होतीच. हजारो वर्षं झोपलेल्या विवेकाला दिलेली. तिथं जळाला तो ग्रंथ, कुणाचं घर जळालं नाही.

४

ह्यातून आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव फिरले. बाबासाहेबांची सभा जिथं पोचत नव्हती तिथं जलसा पोचला. त्यातला सोंगाड्या भटजीला आणि सावकाराला तर धरायचाच, पण घरच्यांनाही सोडत नसे. मेलेलं ढोर ओढणारा, लग्नापायी कर्ज काढणारा, बुवाच्या नादी लागलेला, दारूत जमीन घालवणारा आपलाच माणूस तो रंगमंचावर आणायचा. पुढं बसलेले बाप-चुलते आधी हसायचे आणि मग गप व्हायचे. जो स्वतःच्या घराला हसू शकतो त्याला दुसऱ्याच्या वाड्याला हसायचा हक्क पोचतो.

जलशाने नाचणारी बाई ठेवली नाही. त्यामागंही एक गोष्ट आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, महाडच्या लढ्याला तमाशाच्या खेळाचे पैसे द्यायला आले होते. बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. पवळेसारख्या आपल्या बायांना नाचवून मिळवलेल्या पैशावर आपली चळवळ चालणार नाही, ही भूमिका. ती बरोबरच होती. पण पुढं काय झालं? पैसा नाकारला होता तो नाचवणाऱ्याचा, आणि आपल्यातल्या काही शहाण्यांनी तोंड फिरवलं ते नाचणाऱ्या बाईकडून. पवळा हिवरगाव पावशाची, आपलीच लेक. नीती ही तलवार आहे, तिची मूठ कुणाच्या हातात आणि पातं कुणाच्या मानेवर हे बघावं लागतं. नाहीतर नीतीच्या नावाखाली आपणच आपल्या घरातला सर्वांत खालचा माणूस आणखी खाली दाबतो.

५

आता अवघड जागेवर येऊ.

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं ‘रिडल्स’ छापलं. राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. १९८८च्या फेब्रुवारीत आपण मुंबईत लाखांनी उतरलो. आपलं म्हणणं काय होतं? की पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्या.

आणि २०१२ साली? शंकरांचं १९४९चं व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होतं. घटनेची गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब आणि मागं चाबूक घेतलेले नेहरू. ते बघून आपल्या पोरांच्या पोटात कालवलं, हे मला कळतं. आपल्या बापाच्या मागं चाबूक दिसला की आपल्याला कागद दिसत नाही, गावाची चावडी दिसते. हे दुःख खरं आहे, त्याची चेष्टा करणाऱ्यांनी आधी आपला इतिहास वाचावा. त्या चित्रावर लिहायला हवं होतं, त्याच्याशेजारी आपलं चित्र काढून लावायला हवं होतं. पण मे महिन्यात पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या ऑफिसची मोडतोड झाली. खुर्च्या मोडणारे आपल्या नावाने मोडत होते. त्या दिवशी महाडच्या तळ्यावर आपण कुठल्या बाजूला उभे होतो, ते ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

कारण हातोडा मालक ओळखत नाही. १ जानेवारी २०२१ ला, आपण स्तंभाला मानवंदना देत होतो त्याच दिवशी, इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी ह्या मुंबईच्या विनोदवीराला कार्यक्रमातून उचललं. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो फेब्रुवारीत. २३ मार्च २०२५ ला कुणाल कामराच्या एका विडंबन-गाण्यावरून मुंबईत खारला सभागृह फोडलं गेलं. फोडणारे एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे कार्यकर्ते. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडे तिथंच पोचले. भावना दुखावल्या, हे सगळ्यांचं एकच पालुपद. ते पालुपद आपण म्हणायला लागलो की आपल्या गाण्याचा गळा आपणच दाबतो.

आणि किंमत सारखी नसते, हेही विसरू नका. एल्गार प्रकरणात ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक सुधीर ढवळे जून २०१८ मध्ये पकडले गेले. कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप सप्टेंबर २०२० मध्ये. आरोप माओवाद्यांशी संबंधाचा, त्यांनी तो नाकारलेला. ढवळ्यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं तुरुंग, आणि तोवर आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. सभागृह फोडणारे अटक झाली त्याच दिवशी जामिनावर बाहेर आले होते.

६

म्हणून पथनाट्य बसवणाऱ्या, गाणी लिहिणाऱ्या, १ जानेवारीला पेरण्याच्या रस्त्यावर डफ घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. चिथावणीचा शिक्का बसेल म्हणून जीभ आखडू नका. तो तुम्ही गप्प बसलात तरी बसणार आहे. पाणी प्यायल्याबद्दलही बसला होता. पण लिहिताना जलशाच्या सोंगाड्याला शेजारी बसवा. आपण ज्याला हसतोय तो सत्तेच्या ओट्यावर बसलाय की आपल्यासारखाच उन्हात उभा आहे, हे त्याला विचारा. बाईच्या देहावर, माणसाच्या व्यंगावर, कुणाच्या गरिबीवर विनोद आला तर खोडा, मग तो शत्रूच्या घरातला का असेना. प्रत्येक चिमट्यामागं कागद ठेवा, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर वकिलाला तो लागणार आहे. एक प्रवेश आपल्यावरही ठेवा, आपल्या पुढाऱ्यांवर, आपल्या गटबाजीवर. आणि कुणी आपल्याला हसलं तर हात खिशात घाला, लेखणी काढा. हसणारा चुकला असेल तर चारचौघांत त्याची चूक दाखवा. बरोबर असेल तर घरी जाऊन दुरुस्ती करा.

ह्या वर्षीचं नाटुकलं लिहून झालं असेल तर तालमीला एकदा वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना बसवा. त्या कुठं हसतात आणि कुठं गप होतात, ते लिहून ठेवा.

जयभीम.