चामडं, तांबं, ॲस्बेस्टॉस: ब्रेक पॅडच्या डब्यातला इतिहास

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. त्यानं सेकंडहँड स्पोर्ट्स सेडान घेतलीय, टर्बो पेट्रोल, पळायला एक नंबर. पण पुढचे पॅड संपलेत आणि डिस्कला खाचा पडल्यात. स्पेअर पार्टच्या दुकानात त्याच्यासमोर चार डबे ठेवले गेले: ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक आणि एक महागडा 'रेसिंग'. शेजारी भोकं पाडलेली चकचकीत डिस्क. तो विचारतो, यातलं काय घेऊ?

थेट उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण गंमत अशी की त्या काउंटरवरचा प्रत्येक डबा म्हणजे कुणाच्या तरी जुन्या अडचणीचं उत्तर आहे. ती अडचण तुमची आहे का, एवढंच बघायचं असतं.

आधी एक छोटा हिशोब. दीड टनाची सेडान ताशी १२० कि.मी. वेगानं चाललीय आणि तुम्ही ती पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये साधारण ८३० किलोज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे अडीच लिटर थंड पाणी उकळेल एवढी! वेग निम्मा, म्हणजे ६० असेल तर उष्णता निम्मी नाही, पाव होते. ब्रेक गाडीचा वेग कुठे गायब करत नाही, त्याची उष्णता करतो. आणि ही उष्णता न्यायची कुठे, याच प्रश्नाभोवती ब्रेकचा सगळा इतिहास फिरतो.

तर, ऑगस्ट १८८८. जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढते आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघते. शंभरेक किलोमीटर. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजायला लागले, तेव्हा तिनं वाटेत एका मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनर म्हणतो ना आपण, त्याची सुरुवात इथली.

मग इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकसाठी जुने बूट वापरतात, हे त्यानं पाहिलं आणि १८९७ मध्ये घर्षणाचं साहित्य बनवायचा धंदा सुरू केला. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं 'ई' घालून कंपनीचं नाव झालं फेरोडो. आजही पॅडच्या डब्यावर ते दिसतं. पण कापूस-चामडं तापलं की करपतं. म्हणून १९०८ पासून फ्रूडनं ॲस्बेस्टॉस वापरायला घेतलं. न जळणारा, स्वस्त, विणता येणारा धागा. याच्याकडे परत येऊ.

डिस्कची कल्पनाही तेवढीच जुनी आहे बरं का. फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं. पण त्याचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू घासल्यावर काय किंचाळी निघत असेल, कल्पना करा. शिवाय रस्ते धुळीचे, तांबं पटकन झिजायचं. म्हणून पुढची पन्नास वर्षं ड्रमनं गाजवली.

ड्रमची खोड अशी की तो तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून लांब जातो. पाय खाली खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही. घाटात जुनी गाडी चालवलेल्या कुणालाही हा घाम फोडणारा प्रकार माहीत असेल. डिस्क मात्र उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनंच सरकते.

हे जगाला पटलं ते ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत. डनलॉप विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवत होतं. जॅग्वारचा टेस्ट इंजिनिअर नॉर्मन ड्यूइस त्यांच्याबरोबर तेच तंत्र मोटारीत बसवायला भिडला. १९५३ मध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप जॅग्वार पहिली आली, सरासरी ताशी १७० कि.मी. दुसरा आणि चौथा नंबरही जॅग्वारचाच. लांब सरळ रस्त्याच्या टोकाला बाकीचे ब्रेक दाबत असताना हे लोक आणखी पुढे जाऊन दाबायचे. मला तर वाटतं, इंजिनापेक्षा ती शर्यत ब्रेकनं जिंकली.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच ट्रॅकवर मोटार शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात झाला. माइक हॉथॉर्नची डिस्कवाली जॅग्वार पिटमध्ये वळायला जोरात मंदावली. मागच्या लान्स मॅकलिननं धडक टाळायला आपली ऑस्टिन-हीली बाजूला घेतली. त्यामागून येणारी पिएर लेव्हेची मर्सिडीज तिच्यावर चढून उडाली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून जास्त माणसं गेली, लेव्हे त्यातच. मर्सिडीजला ड्रम होते, जोडीला मागे उघडणारी हवेची फळी. दोष एकट्या ब्रेकला देता येणार नाही. ट्रॅक अरुंद होता, पिट आणि रस्ता यांच्यात भिंत नव्हती. पण एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या असल्या की काय होऊ शकतं, ते दिसलं.

म्हणूनच १९५९ च्या जॅग्वार मार्क २ कडे बघा. इंग्रज सेडानला सलून म्हणतात (केस कापायचं नव्हे), आणि ही त्यातली पळणारी सलून: ३.८ लिटर इंजिन, ताशी २०० च्या घरातला वेग, चारही चाकांना डिस्क. मागच्या बंपरवर 'डिस्क ब्रेक्स' असा बिल्ला. तो मिरवायला असेलच, पण मागच्याला इशाराही होता: मी पटकन थांबेन, तू लांब राहा. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'पॉवर ब्रेक, सुरक्षित अंतर ठेवा' लिहितात, त्याचाच हा भाऊबंद.

आता ॲस्बेस्टॉस. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. मार्च १९२४ मध्ये ती वारली, वय ३३. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात ते तंतू दाखवून दिले. ॲस्बेस्टॉसमुळे मृत्यू झाल्याची वैद्यकीय नोंद झालेलं ते पहिलं प्रकरण मानतात. कंपनीनं जबाबदारी नाकारली, अंत्यसंस्काराला पैसेही दिले नाहीत. तिला निनावी थडग्यात पुरलं. पुढे फेरोडो याच टर्नर घराण्याच्या समूहात गेली. १९३१ मध्ये ब्रिटननं धुळीचे नियम केले, पण पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं. म्हणजे ल मान्सचे ते विजय, ती देखणी मार्क २, हा सगळा काळ ॲस्बेस्टॉसच्या पॅडचाच.

त्याची जागा घ्यायला जे आलं, तेच तुमच्या काउंटरवरचे डबे. ऑरगॅनिक: राळेत बांधलेले निरनिराळे तंतू. शांत, डिस्कला मऊ, पण फार तापलं की ढिले पडतात. सेमी-मेटॅलिक: लोखंडाचे तंतू. उष्णता झेलतात, पण आवाज आणि काळी धूळ जास्त. सिरॅमिक: स्वच्छ, शांत, रोजच्या वापराला छान. इथं एक घोळ होतो. सिरॅमिक पॅड वेगळे आणि कार्बन-सिरॅमिक डिस्क वेगळी. ती डिस्क पोर्शेनं २००१ च्या ९११ जीटी२ ला दिली होती, आणि तिच्या किमतीत आपल्याकडे एखादी छोटी गाडी येते.

आणि भोकं? पूर्वीच्या पॅडमधली राळ तापली की वायू सुटायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा थर बसायचा. तो निघून जावा, वजनही कमी व्हावं म्हणून भोकं. आताचे पॅड इतका वायू सोडत नाहीत. उलट भोकाच्या कडेपासून तडे जायला सुरुवात होते. तेव्हा श्रोतेमित्रा, तुझ्या सेडानला कंपनीच्या मापाची, आतून हवा खेळणारी साधी बिडाची डिस्क घे. पैसे वाचले तर ब्रेक ऑइल बदल. ते हवेतलं पाणी ओढतं, मग लवकर उकळतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी धरलेल्यासाठी हाच आकडा १५५ वर येतो.

पॅडच्या मागे किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ किंवा जीजी. पहिलं अक्षर कमी तापलेल्या पॅडचं घर्षण सांगतं, दुसरं खूप तापलेल्याचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दर्जा यातून कळत नाही, पकड कळते. युरोपचा आर९० शिक्का असेल तर तो पॅड कंपनीच्या मूळ पॅडच्या १५ टक्के पुढेमागे काम करतो, आणि रस्त्यासाठी मी तोच घेईन. 'रेसिंग' पॅड गरम झाल्याशिवाय नीट धरतच नाही. सकाळी सोसायटीच्या गेटवर कुत्रं आडवं आलं तर तेव्हा तो थंडच असणार ना?

ज्यांच्याकडे गाडी नाही, ड्यूक आहे, त्यांनी कॅलिपरवर बघा. 'बायब्रे' लिहिलेलं असेल, म्हणजे बाय ब्रेंबो. ही इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेली कंपनी. इंग्लंडहून अल्फा रोमिओसाठी निघालेल्या डिस्क वाटेत अपघातात खराब झाल्या, त्या नीट करायला आल्या आणि आम्ही या धंद्यात पडलो, असं कंपनी सांगते. आज तिचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे.

गोष्ट धुळीपाशी येऊन थांबते. पॅडमधलं तांबं पावसाबरोबर वाहून सामन माशांना घातक ठरतं, म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी ते २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर आणलं. युरोपही आता ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घालतंय. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर अजून सरसकट बंदी नाही, आणि सुट्या, बिननावाच्या लायनरमध्ये काय आहे ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे पॅड बदलताना गॅरेजमधला पोरगा ड्रमवर किंवा कॅलिपरवर हवा मारायला लागला तर त्याला थांबवा. ब्रेक क्लीनर नाहीतर ओलं फडकं वापरायला सांगा. ती धूळ रोज तो ओढतोय.

पुढच्या भागात हँडब्रेक.