पिस्ता की आभाळी?

आमच्या वाड्याचं रीडेव्हलपमेंट गेली बारा वर्षं "पुढच्या महिन्यात" होणार होतं. अखेर ते खरंच ठरलं आणि मग एक प्रश्न उभा राहिला, जो खरं म्हणजे 1996 पासूनच चौकात उभा होता. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड. चारही टायर बसलेले, टपावर औदुंबराची पानं, मागच्या सीटवर शेजारच्या मांजरीची तिसरी की चौथी पिढी. सदाशिव पेठेत जिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही तिथे ही बाई अठ्ठावीस वर्षं फुकट राहिली. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, मी करतो नीट. (बायकोचा चेहरा इथे वर्णन करत नाही.)

इंजिन, ब्रेक, वायरिंग यांची रडकथा पुन्हा कधीतरी. त्या सगळ्याला पैसे लागतात, पण उत्तर असतं. ज्याने मला खरं छळलं तो प्रश्न अगदी बाळबोध होता. गाडीचा मूळ रंग कोणता?

आता गाडी तर समोर आहे, मरून रंगाची. पण तो रंग 1985 चा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी? बाबा म्हणाले, क्रीम. थोरले काका म्हणाले, "छट्, आभाळी निळी होती, मी शोरूममधून आणायला गेलो होतो." आणि नव्वदीची आजी खाटेवरून म्हणाली, "पिस्ता. मला विचारा ना, मी त्यावर मॅचिंग साडी घेतली होती." आरसी बुक डुप्लिकेट, रंग बदलल्यानंतरचं, त्यात मरूनच. आल्बममध्ये गाडीचे चार फोटो, चारही ब्लॅक अँड व्हाइट. झालं!

थोडं गाडीबद्दल. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये 1959 साली आली. डिझाइन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. तिचीच चासी आखूड करून 1962 साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली, म्हणजे आमची हेराल्ड त्या देखण्या मुलीची संसारी थोरली बहीण. भारतात स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी ती 1961 पासून मद्रासजवळ बनवू लागली. त्या काळात गाडी घ्यायची तर अँबॅसॅडर, फियाट नाहीतर ही. आजोबा डॉक्टर होते, व्हिजिटला पेठांच्या बोळांतून जायचे, आणि हेराल्ड इतक्या कमी जागेत वळायची की रिक्षावाल्याने बघत राहावं. त्यांची 1966 ची, दोन दारांची.

हेराल्डची बॉडी एकसंध नाही, बोल्टने जोडलेल्या तुकड्यांची आहे. त्यामागचं कारण मजेदार आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी बनवून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली. मग एकसंध बॉडी बनवून देणार कोण? तर वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे बनवा आणि जोडा. (व्हेंडर लॉक-इनचा इतका सुंदर नमुना आमच्या इंडस्ट्रीतही क्वचितच सापडेल.) आज याचा फायदा असा की बोल्ट सोडले की जोडांच्या आत फॅक्टरीतला रंग जसाच्या तसा सापडू शकतो. तिथे नंतरच्या पेंटरचा स्प्रे पोचतच नाही.

इंग्लंडमधल्या लोकांना हा त्रास कमी. ट्रायम्फच्या प्लेटवर रंगाचा आकडा असायचा आणि त्या आकड्यांत चक्क लॉजिक आहे. शेवटचा अंक मूळ रंग सांगतो: 2 लाल, 4 पिवळा, 5 हिरवा, 6 निळा, 9 पांढरा. त्याच्या आधीचा अंक छटा सांगतो. म्हणून सिग्नल रेड 32, कोनिफर हिरवा 25, वेजवुड निळा 26. हे वाचून मी इतका खूश झालो की टॉर्च घेऊन रात्री अकरा वाजता चौकात गेलो. प्लेट होती, पण गंजाने अशी खाल्लेली की जिथे आकडा असावा तिथे भोक होतं.

आणि नाव मिळालं असतं तरी सुटलो असतो असं नाही. ब्रिटिश रेसिंग ग्रीन हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 1902 साली सेल्विन एज याने नेपियर गाडीतून गॉर्डन बेनेट कप जिंकला, म्हणून पुढच्या वर्षीची शर्यत ब्रिटनकडे आली. पण तिथे सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला बंदी, म्हणून ती आयर्लंडमध्ये घेतली आणि यजमानांच्या मानासाठी गाड्या तिथल्या शॅमरॉकच्या हिरव्या रंगात रंगवल्या. तेव्हापासून प्रत्येक कंपनीने आपापला हिरवा त्या नावाने विकला. म्हणजे नाव एक, रंग डझनभर.

तर उत्खनन. पद्धत साधी आहे. वॉटर पेपर ओला करून दाराच्या खालच्या कोपऱ्यात गोल गोल घासायचं, आधी 400, मग 800, मग 1200 नंबर. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसू लागतात. बाहेर मरून, मग क्रीम, मग करडा सरफेसर, मग... काहीतरी फिकट, मग लालसर प्रायमर, मग पत्रा. क्रीम म्हणजे 1970 सालचा रंग. कात्रजच्या घाटात ट्रकने घासल्यावर गाडी पूर्ण रंगवली होती. बाबा तेव्हा सहा वर्षांचे, त्यांची आठवण तिथूनच सुरू होते. बाबा स्पर्धेतून बाद.

दुसरी चाचणी: कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन घासा. मरून आणि क्रीम दोन्ही बोळ्यावर उतरले, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, ज्याला आपण सगळे 'ड्युको' म्हणतो. (ड्युको हे ड्यूपाँटचं ब्रँडनेम, 1920 च्या दशकातलं. भराभर वाळणाऱ्या त्या रंगामुळे मोटारी काळ्या सोडून इतर रंगांत झपाट्याने निघू लागल्या. आपण झेरॉक्ससारखं ते नाव कायमचं ठेवून घेतलं.) सगळ्यात खालचा थर मात्र ढिम्म हलला नाही. तो भट्टीत भाजलेला इनॅमल. म्हणजे फॅक्टरीचा.

मग ग्लव्हबॉक्स काढला. आत रुपयाच्या नाण्याहून मोठा, स्वच्छ, चकचकीत मूळ रंग. पिस्ता!

मी धावत जाऊन आजीला सांगितलं. आजीने "मग?" एवढंच म्हटलं. काकांना फोन केला, ते म्हणाले, "तुझे डोळे तपास."

आमच्या घरापासून भारत इतिहास संशोधक मंडळ चालत पाच मिनिटांवर. 1910 साली राजवाड्यांनी ते स्थापन केलं, आणि त्याआधी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात वाईला सापडलेली पत्रं छापून त्यांनी बखरींची जी चिरफाड केली ती पुण्यात अजून जुनी झालेली नाही. बखर म्हणजे नंतर कोणीतरी आठवून लिहिलेलं, पत्र म्हणजे त्या दिवशीचं. मी याच ऐटीत काकांना सुनावलं की तुमची बखर, माझं अस्सल पत्र. काका म्हणाले, "पत्राचा कागद पिवळा पडतो की नाही?"

ते चिडून बोलले होते, पण नेमकं बोलले होते, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. दरम्यान मी एक मूर्खपणा करून ठेवला. मोबाइलने फोटो काढला, त्यातला आरजीबी कोड काढला आणि एका दुकानातून तो रंग बनवून आणला. कार्डावर लावला, गाडीशेजारी धरला, तर साबणाच्या वडीसारखा दिसला. कॅमेरा प्रकाशाप्रमाणे पांढरा रंग स्वतःच ठरवतो, हे रोज स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला कळू नये!

शेवटी नाना पेठेतले एक वयस्कर पेंटर भेटले. त्यांनी ग्लव्हबॉक्समागे वाकून बघितलं आणि विचारलं, "याला ऊन कधी लागलंय?" तेलावर आधारलेला अल्किड इनॅमल अंधारात पिवळा पडतो, आणि उजेडात ठेवला तर बराचसा परत येतो. मला वाटत होतं, जितकी जागा लपलेली तितका रंग खरा. उन्हात रंग विटतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण अंधारातही तो बिघडतो ही मला बातमीच होती. फिकट निळ्यावर पिवळी झाक चढली की काय होतं, हे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत नापास झालेल्यालाही सांगता येईल.

ग्लव्हबॉक्सची पट्टी काढून गच्चीवर ठेवली. अर्धी झाकलेली, अर्धी उघडी. रोज ऑफिसला जाण्याआधी वर जाऊन बघायचो. चौथ्या दिवशी शंका आली. पंधराव्या दिवशी मध्ये सरळ रेष होती. एका बाजूला पिस्ता, दुसऱ्या बाजूला सकाळी आठच्या आभाळासारखा निळा. काकांना फोटो पाठवला नाही, घरी बोलावलं. ते पट्टी हातात घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "मी पुढे बसलो होतो. आपा चालवत होते."

पुढचं काम यंत्र आणि माणूस दोघांनी मिळून केलं. स्पेक्ट्रोफोटोमीटरने उघडा भाग मोजला, मशीनने जवळचा फॉर्म्युला दिला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग एकच. दाराबाहेर उन्हात आणले तर नवा किंचित जांभळट. याला मेटॅमेरिझम म्हणतात. रंगद्रव्यं वेगळी असली की एका प्रकाशात जुळलेले दोन रंग दुसऱ्या प्रकाशात फारकत घेतात. 1966 ची रंगद्रव्यं आणि आजच्या मिक्सिंग मशीनमधली एकच असतील अशी अपेक्षाच चूक. पेंटरकाकांनी कार्ड पट्टीला चिकटवून धरलं, दोन सेकंद बघितलं, नजर वळवली. "जास्त बघितलं की डोळा खोटं बोलतो." मग चिमूटभर पिवळा, काळ्याचा एक थेंब. ओला रंग जुळवायचा नाही, वाळवून बघायचा. सातव्या कार्डाला ते मानेनेच हो म्हणाले. वर क्लिअर कोट मात्र मी मारू दिला नाही. तो काचेसारखा थर 1966 सालच्या गाडीवर शोभत नाही. यावर आमचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

गाडी निळी होऊन वाड्यात परत आली, तेव्हा वाडा पाडायला अकरा दिवस होते. आजीला खुर्चीसकट चौकात आणलं. ती म्हणाली, "छान आहे. पण ही ती नाही." मी तिला पिवळेपणा, अल्किड, ऊन सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मी या गाडीत दिवसा कधी बसले? दवाखाना बंद झाला की आठ वाजता सारसबागेत नाहीतर नाटकाला. दिवसा ती यांची होती."

दिंडीदरवाजात आता पांढरा एलईडी आहे. माळ्यावरच्या खोक्यात जुना साठ वॅटचा बल्ब सापडला, तो रात्री आठ वाजता लावून बघितला. पेटला. आजीला परत बोलावलं आणि तिची ती साडी काढून आणली. बॉनेटवर पसरली.

काका म्हणाले, "साडीच निळी आहे." आजीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि मांजर आधी वैतागली, मग सरकली.