पट्ट्याचा ताण

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांव हें कापसाच्या मुलखांतलें जुनें गांव. १८६७ मध्यें आगगाडीचा रस्ता शेजारच्या पुलगांवावरून नागपुरास पोंचला; पुढें पुलगांवीं सरकी काढण्याचे कारखाने निघाले व कापडाची गिरणीहि उभी राहिली. घरोघरच्या रेच्याचें काम इंजिनाकडे गेलें, आणि त्याबरोबर या पंचक्रोशींत चामड्याचा पट्टा आला.

एका इंजिनाची शक्ति छताखालच्या लांब दांड्यास देऊन तेथून पट्ट्यांनीं प्रत्येक यंत्रास पोंचविण्याची ही रीत तेव्हां फार जुनी नव्हती. इंग्लंडांतल्या गिरण्या दातेरी चक्रांवर चालत. अमेरिकेंत लोवेल येथें पॉल मूडीनें १८२८ सालीं त्या चक्रांच्या जागीं पट्टे घातले.

पट्टा सैल असला तर कप्पीवरून घसरतो व घासण्यानें तापतो. कापसाचे तंतु जेथें हवेंत तरंगतात तेथें तापलेली वस्तु म्हणजे आगीला बोलावणेंच. फार ताणला तर बेअरिंग तापतें आणि एखादे दिवशीं पट्टा तुटतो. त्याचा फटकारा ज्याला बसला, त्यास तो जायबंदी करून सोडी. शिवाय चामडें ओलाव्यानें लांबतें व कोरडेपणीं आखडतें. वैशाखाच्या वर्धेकडील उन्हांत नीट बसविलेला पट्टा श्रावणांत ढिला पडावा, हें ओघानेंच आलें.

मग ताण किती ठेवावा? गणित अठराव्या शतकांतच ऑयलरनें मांडलें होतें. पट्टा कप्पीस अर्धा वेढा देत असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.३ असेल, तर घसरण्यापूर्वीं ताठ बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारें अडीच पट होऊं शकतो. सैल बाजूस ४० पौंड असतील तर ताठ बाजूस १०० पौंडांवर, आणि यंत्रास मिळणारी ओढ या दोहोंतल्या फरकाइतकी, म्हणजे ६० पौंडांच्या आसपास. हिशेब सोपा, परंतु ते ४० पौंड मोजणार कोण? कारखान्यांत माप एकच होतें, तें म्हणजे कारागिराचा तळहात.

फिलाडेल्फियाच्या मिडवेल पोलाद-कारखान्यांत फ्रेडरिक टेलरनें पट्ट्यांच्या नोंदी नऊ वर्षें ठेवल्या आणि १८९३ मध्यें निष्कर्ष मांडले. पट्ट्याचीं दोन टोकें शिकंज्यांत धरावीं, त्यांस स्प्रिंगचा तराजू लावावा, कांटा ठरल्या पौंडांवर येतांच सांधा जोडावा. प्रचलित नियमांहून जाड व रुंद पट्टा कमी ताणावर चालविला तर अखेरीस स्वस्त पडतो, असें त्यास आढळलें. मात्र त्याचा हेतु पट्टा वाचविण्यापुरता नव्हता. पट्ट्याची निगा यंत्रावरील कामगाराकडून काढून स्वतंत्र माणसाकडे द्यावी, असा त्याचा आग्रह होता. तराजू आला आणि तळहातांतलें ज्ञान कचेरीच्या वहींत गेलें. त्यानें पट्टे खरोखरच अधिक टिकले. कामगाराचा मान तितका टिकला असें म्हणवत नाहीं.

विजेची मोटार प्रत्येक यंत्रास लागली, तसे लांब दांडे गेले आणि अमेरिकेंत १९१७ सालीं निघालेला पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा पसरला. याचा ताण पाहण्यास दोन कप्प्यांमधील मोकळ्या अंतराचा चौसष्टावा भाग इतका पट्टा दाबतात आणि लागलेला जोर स्प्रिंगच्या लहान कांट्यावर वाचतात. अलीकडची साधनें पट्ट्यास हातहि लावूं देत नाहींत. पट्टा तारेसारखा छेडला कीं तीं त्याच्या कंपांची संख्या मोजतात; कंप दुप्पट तर ताण चौपट. त्यासाठीं त्यांतल्या कांहींत एक मायक्रोफोन बसविलेला असतो आणि तो कप्प्यांमधल्या पट्ट्याजवळ धरावा लागतो.