बेरजेचा रकाना

जाफराबादच्या जुन्या कागदांचा माग काढायचा तर बरीच पायपीट होते. हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणून एक वाट हैदराबादला जाते. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तोवर ते औरंगाबाद जिल्ह्यात. म्हणून दुसरी वाट तिकडे. उरलेले कागद घरोघरच्या ट्रंकांत. त्या ट्रंकांतल्या मोडी वह्यांची छायाचित्रे काढून मी एका संस्थेच्या पेटीत ठेवली होती. पेटीत चार डिस्क होत्या, पडद्यावर मात्र एकच दिसे.

या रचनेला ‘रेड’ म्हणतात. हे नाव बर्कलीच्या डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी दिले. त्यांचा निबंध १९८८ चा. (त्या धर्तीचे एक पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते.) बर्कलीकरांचा हिशोब काटकसरीचा होता. एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी छोट्या संगणकांच्या स्वस्त डिस्क पुष्कळ जोडायच्या. पण डिस्क शंभर झाल्या, की त्यांतली एखादी बिघडण्याचा धोकाही सुमारे शंभर पट. म्हणून बेरजेचा रकाना आला.

पेटीतला कंट्रोलर मजकुराचे सारखे तुकडे करून ते ओळीने तीन डिस्कवर मांडतो आणि चौथीवर त्यांची बेरीज लिहितो. ७, ४, ९ आणि बेरीज २०. त्यातला ४ हरवला, तरी २० मधून १६ वजा केले की तो परत मिळतो. प्रत्यक्षात यंत्र फक्त एकांची संख्या सम की विषम, एवढेच नोंदवते. बेरीज एकाच डिस्कवर ठेवली तर दर लेखनाला तिच्यापाशी खोळंबा होतो. म्हणून पाचव्या प्रकारात ती ओळीगणिक जागा बदलते. आपण कितवी, कोणत्या संचातली, हेही प्रत्येक डिस्कवर लिहिलेले असते.

आमची एक डिस्क गेली, तरी पेटी बिनतक्रार चालत राहिली. तिचा गुण तोच आणि दगाही तोच. कपाटामागचा पिवळा दिवा महिनोन् महिने कुणी पाहिला नाही. पुढे नवी डिस्क बसवली. ती भरायची तर उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. त्या वाचनातच एकाच दिवशी विकत घेतलेल्यांपैकी दुसरी बसली. एका बेरजेतून दोन हरवलेले आकडे निघत नाहीत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली, ती मला तेव्हा आठवली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, लिपी वेगळ्या, पाठ वेगळे. एकीची चूक दुसरीवरून ताडता आली. आमच्या चारही डिस्क एकाच खोलीत, एकाच विजेवर. एखादी फाइल चुकून पुसली असती, तर ती चारींवरूनही त्याच क्षणी पुसली गेली असती.

ज्या वहीचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते, ती घर पाडताना रद्दीत गेली होती. तिची अकरा पाने तेवढी सापडली. एक शब्द लागत नव्हता म्हणून ती हैदराबादच्या एका स्नेह्यांना ईमेलने पाठवली होती. शब्द त्यांनाही लागला नव्हता. पाने मात्र त्यांच्याकडे राहिली होती.