हातांचे काम आणि प्राचीन भाषेची साधना

संत जेरोम यांनी इ. स. ४११ च्या सुमारास रस्टिकस नावाच्या तरुण संन्याशाला एक दीर्घ पत्र लिहिले. हात रिकामे ठेवू नयेत, टोपल्या विणाव्यात, मधमाश्यांसाठी पेट्या कराव्यात, मासे धरण्याची जाळी गुंफावीत आणि ग्रंथांच्या नकलाही उतरवाव्यात, असा उपदेश त्यात आहे. त्याच पत्रात ते स्वतःच्या तारुण्याविषयी सांगतात. सिरियाच्या वाळवंटात मन थाऱ्यावर राहीना, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी बांधवाकडे हिब्रू मुळाक्षरांपासून शिकण्यास आरंभ केला. अनेकदा तो अभ्यास त्यांनी सोडला आणि पुन्हा धरला. पुढे याच अभ्यासाच्या बळावर त्यांनी जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला.

हस्तकला आणि प्राचीन भाषा या दोन गोष्टी एकाच पत्रात याव्यात, हा निव्वळ योगायोग नव्हे. वाचताना डोळा पुढे धावतो. नक्कल करणाऱ्या हाताला मात्र प्रत्येक अक्षरापाशी थांबावेच लागते.

याचा पुरावा आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील प्राचीन लेणी ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांनी बोलकी झाली आहेत. तेथे सापडलेली यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असे त्या मूर्तीच्या हातावरच कोरलेले आहे. लेण्यातील खांबांवर दान देणाऱ्या पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा, उल्लेख आहे. ‘कण्ह’मध्ये आपला कान्हा आणि ‘गंधिक’मध्ये आपला गांधी ओळखू येतो.

ही लिपी शतकानुशतके विस्मृतीत गेली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली तिचा उलगडा केला. त्यांच्या अक्षरांचा तक्ता जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) या मुलाच्या हाती आला, आणि तो घेऊन गिरनारच्या शिळेवरील लेख त्याने स्वतःच वाचण्याचा ध्यास घेतला. पुढे मुंबईत ते डॉ. भाऊ दाजी लाड यांना येऊन मिळाले. भाऊ दाजी व्यवसायाने वैद्य; लेखसंशोधन ही त्यांची आवड. अजिंठ्याच्या लेखांवरील त्यांचा निबंध १८६३ सालचा आहे.

लेखाचा ठसा घेणे हेही एक हस्तकौशल्यच. शिळा धुवायची, ओला कागद तिच्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे पांढरी उमटतात. ब्राह्मीतील ‘क’ क्रुसासारखा. ‘ठ’ म्हणजे रिकामे वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये ठिपका असलेले वर्तुळ. एक ठिपका निसटला तर शब्द बदलतो. जुन्या लेखांत जोडाक्षरातील दुहेरी व्यंजन बहुधा एकेरीच कोरलेले असते. ते वाचकाने ओळखायचे असते. हाताने लेख उतरविणाऱ्याच्या अंगी हे व्याकरण नकळत मुरते.

हाताने राबणाऱ्यांचा अक्षरांशी संबंध नाही, असे आपल्या समाजाने दीर्घकाळ मानले. पितळखोऱ्याच्या सोनाराचे नाव त्या समजुतीला उत्तर देते. आपल्या कुटुंबांतील मुलामुलींनी विणकाम, चित्रकला, सुलेखन यांचा छंद धरावा आणि त्याच हातांनी हिब्रू, ग्रीक वा ब्राह्मी अक्षरेही गिरवावीत. नाझरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट उलगडून वाचणारे हात एका सुताराचेच होते.