मुंबई–लंडन हवाई मार्ग

मुंबई–लंडन हवाई मार्ग हा मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांना जोडणारा मार्ग आहे. दोन्ही विमानतळांमधील सर्वात कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर (सुमारे ३,८९० सागरी मैल) आहे. विनाथांबा विमानाला मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. परतीचा प्रवास सुमारे तासाभराने लवकर संपतो.

अंतर आणि मार्ग

हे अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वात जवळच्या रेषेवरून मोजले जाते. ही रेषा पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड व जर्मनी यांवरून जाते. तिचा मध्यबिंदू आर्मेनिया आणि जॉर्जिया यांच्या सीमेजवळ येतो. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या रेषेपेक्षा ती बरीच उत्तरेकडे वाकलेली दिसते.

प्रत्यक्षात या रेषेवरून तंतोतंत उडणे शक्य होत नाही. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने २०१९ साली २७ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात आपल्या हवाई हद्दीतून होणारी बहुतांश वाहतूक रोखली होती. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांवर पुन्हा बंदी घातली. दिल्लीच्या तुलनेत मुंबईच्या विमानांना या बंदीची झळ कमी बसते, कारण ती अरबी समुद्रावरून ओमानकडे वळू शकतात.

प्रवासाचा वेळ

जाण्या-येण्याच्या वेळांतील फरकाचे मुख्य कारण वारा हे आहे. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. लंडनला जाताना ते विमानाला अडवतात, येताना ढकलतात. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ असल्याने फरकही वाढतो. वेळापत्रकातील कालावधी एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याचा वेळही धरलेला असतो.

इतिहास

एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत १० जून रोजी लंडनला पोहोचले. जे. आर. डी. टाटा या विमानात होते. या थांब्यांमार्गे अंतर सुमारे ७,९०० किलोमीटर भरते, म्हणजे सरळ मार्गापेक्षा जेमतेम दहा टक्के अधिक. तरीही विमान तिसऱ्या दिवशी पोहोचले. १९६० साली बोइंग ७०७ जेट विमाने दाखल झाल्यावर प्रवासाचा वेळ झपाट्याने घटला. विनाथांबा उड्डाणे त्यानंतरची होत.

घड्याळातील फरक

लंडनचे घड्याळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेपाच तास, तर उन्हाळी वेळ लागू असताना साडेचार तास मागे असते. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथे त्याच दिवशीचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. परतताना हेच तास खर्ची पडतात व रात्री निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुंबईत पोहोचतो.